तिसऱ्या रकान्यातलं खोटं

त्या कागदाखाली माझी सही नाही. सही साहेबाची, भाषा त्याच्या देशाची आणि शिक्का त्यांच्या वकिलातीचा. आज तो कागद ज्या शहरातल्या दप्तरखान्यात ठेवलाय, ते शहर मला नकाशातसुद्धा चटकन दाखवता यायचं नाही. पण त्यातलं खोटं माझं आहे. एवढं एक वाक्य लिहायला मी पंचवीस वर्षं घेतली. लिहून झाल्यावर मन हलकं होतं असं म्हणतात, माझं झालं नाही. राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही.

गेल्या वर्षी एक प्राध्यापक पत्ता शोधत नाशकातल्या माझ्या घरी आले. सभ्य माणूस, माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी लहान. जिल्ह्यातल्या चळवळीचा इतिहास लिहीत होते आणि त्यासाठी परदेशात जाऊन वर्षभर जुने कागद वाचून आले होते. चहाला हात न लावता त्यांनी पिशवीतून एक फोटोप्रत काढली आणि माझ्यासमोर धरली. त्या कागदात "आमचा नाशिकचा प्रतिनिधी, जो प्रसंगी स्वतः हजर होता" असा उल्लेख होता. तो प्रतिनिधी म्हणजे मीच ना, एवढं त्यांना विचारायचं होतं.

"इंग्रजांचे कागद इंग्रजांच्या बाजूचे," ते म्हणाले. "आपल्या लोकांच्या आठवणी आपल्या बाजूच्या. त्यात साहजिकच फुगवून सांगितलेलं असतं. पण हा तटस्थ देश. त्यांना यातलं काही मिळवायचं नव्हतं की गमवायचं नव्हतं. म्हणून ह्या कागदाला मोल आहे."

गप्प बसायची मला सवयच आहे.

"आता हरसूलचंच घ्या," ते पुढे म्हणाले. "तिथं एक म्हातारी आहे, ह्या कागदात ज्या गाडीवानाच्या अटकेची हकिगत आहे त्याची बायको. ती अजून सांगते की नवऱ्याजवळ विळा नव्हताच, तो रंगवाल्याकडं होता. सासरची माणसंसुद्धा तिला खोटारडी म्हणतात. त्यांचं म्हणणं, ह्यानं पोलिसावर विळा उगारला म्हणून सगळ्या पाड्यावर संकट आलं, गुरं गेली, जंगल बंद झालं. लोकांच्या तोंडी गोष्टी कशा तयार होतात बघा. अशा वेळी हा कागद निकाल देतो. हातात विळा होता, असं तुम्ही स्वच्छ लिहिलंय."

ती बाई जिवंत आहे हे मला त्या दिवशी कळलं. आणि ज्या एका गोष्टीसाठी गावात तिला कुणी विचारत नाही, ती गोष्ट खरी आहे हे जगात तिच्या आणि माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही, हेही त्याच दिवशी लख्ख कळलं.

म्हणून आता पहिल्यापासून सांगतो.

एकोणीसशे तीस सालाच्या आसपासची ती दोन-तीन वर्षं. मी पंचविशीत होतो आणि कापड रंगवायचे रंग विकणाऱ्या एका परदेशी कंपनीच्या नाशिक डेपोत फिरता एजंट होतो. येवल्याच्या, मालेगावच्या विणकरांना मोठे डबे द्यायचे आणि डोंगराकडच्या आठवडी बाजारांत पुड्या. लुगडं विटलं की बाया ते घरीच रंगवून घेत, त्यांना पुडी पुरे. कंपनीचा मुंबईतला थोरला साहेब हा त्याच्या देशाचा मानद कॉन्सलही होता. म्हणजे सकाळी रंग विकायचा आणि दुपारी त्याच खुर्चीत बसून सरकारी खलिते लिहायचे. प्राध्यापकमहाशयांना हे माहीत नव्हतं असं नाही. पण ह्या दोन गोष्टी त्यांनी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. मिळवायचं नव्हतं की गमवायचं नव्हतं म्हणे. विलायती मालावर बहिष्कार पेटला होता आणि आमच्या डब्यांवरची अक्षरं इंग्रजीच होती. दुकानदार डबा उलटापालटा करून विचारायचे, "हा गोऱ्यांचाच ना?" साहेबाला दिवसरात्र एकच काळजी होती, आपला माल इंग्रजांच्या मालाबरोबर रस्त्यावर येऊ नये आणि सरकारचाही रोष होऊ नये. त्या काळजीचं नाव तटस्थपणा.

ह्या काळजीतून दरमहा नाशिकहून मुंबईला एक पत्रक जायचं. लांब कागद, त्यावर तीन रकाने. पहिल्यात सरकारी बाजू, दुसऱ्यात चळवळीची बाजू, तिसऱ्यात निरीक्षकाने स्वतः पाहिलेले. कुठं पिकेटिंग झालं, कुठं दुकानं बंद, कुठं अटका, सगळं भरायचं. मुंबईला साहेब त्याचा आपल्या भाषेत खलिता करायचा आणि तो बोटीनं जायचा. हे काम डेपोच्या हेडक्लार्कनं माझ्यावर ढकललं होतं, कारण माझं इंग्रजी बरं होतं.

पहिल्याच महिन्यात मी त्याला म्हणालो, "मी येवल्यात होतो, निफाडला काय झालं ते मी कुठं पाहिलंय? तिसऱ्या रकान्यात काय लिहू?"

हेडक्लार्कनं पान लावता लावता माझ्याकडं पाहिलं. "रंगाच्या धंद्यात किती वर्षं झाली तुला?"

"तीन."

"मग निळा आणि पिवळा घातला की काय होतं?"

"हिरवा."

"झालं तर. सरकार म्हणतं दहा माणसं होती, चळवळवाले म्हणतात हजार. तू लिही, काहीशे. दोघांपैकी कुणीच तुला खोटा म्हणणार नाही. साहेब खूष. तटस्थराव, बसा आणि लिहा."

त्या दिवसापासून डेपोत माझं नाव तटस्थराव पडलं. आणि मी तसंच लिहायला लागलो. सरकारी पत्रक समोर ठेवायचं, चळवळीचं चोरून छापलेलं पत्रक समोर ठेवायचं आणि दोघांच्या मधलं काढून तिसरा रकाना भरायचा. मी काही एकटा नव्हतो. इतर ठिकाणचे एजंटही हेच करायचे, हे मला पुढं त्यांच्याशी बोलताना कळलं. आमच्यात कुणाला यात काही चुकतंय असं वाटत नव्हतं. उलट आपण मोठे समतोल आहोत असं वाटायचं. एका युरोपियन देशाच्या वकिलातीसाठी आपण निरीक्षण करतो, ह्याचा मला गर्व होता. ते कबूल करतो. नोकरीची भीती नंतर आली, आधी तो गर्व होता.

हरसूलच्या बाजाराला मी महिन्यातून एकदा जायचो. त्र्यंबकपर्यंत मोटार, पुढं बैलगाडी. गाडीवान ठरलेला होता. हरसूलजवळच्या एका पाड्यावरचा, चाळिशीचा, वाळक्या अंगाचा, आणि तोंडाचा तिखट. माझ्या पेट्या तो स्वतःच्या असल्यासारखा गाडीत लावायचा. दुपारी त्याच्या फडक्यातली नागलीची भाकरी आणि ठेचा दोघांत असायचा, माझ्या डब्यातल्या पोळ्या तो हातात घेऊन बघायचा आणि परत ठेवायचा. "पातळ हायेत. पोटात जाईस्तवर उडून जायाच्या," म्हणायचा.

एकदा घाटात एक पोलीस शिपाई समोरून आला तेव्हा मी सवयीनं सावरून बसलो. शिपाई गेल्यावर गाडीवान बैलांशी बोलल्यासारखा म्हणाला, "रंगवाल्याचा रंग पक्का हाय म्हनत्यात. रंगवाला सोता मातर फिका पडतो."

मी हसलो. राग नाही आला. खरं होतं म्हणून नाही, तो माझ्यापेक्षा खालचा म्हणून. हेही लिहून ठेवतो.

त्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास डोंगरातल्या लोकांनी राखीव जंगलात शिरून गवत कापलं. सरकारनं बंदी घातली होती ती मोडण्यासाठी. त्यानंतर आठवडाभर जंगल खात्याची माणसं आणि पोलीस पाड्यापाड्यांवर फिरून विळे गोळा करत होते. डोंगरातल्या माणसाच्या कमरेचा विळा म्हणजे आपल्या खिशातली किल्ली. त्याशिवाय माणूस घराबाहेर पडत नाही. तरी बाजाराच्या दिवशी गाडीवानाच्या कमरेला तो होताच.

बाजारात मी नेहमीच्या जागी, चिंचेखाली, पेटी उतरवली. पेटीचा काथ्या पावसात भिजून घट्ट बसला होता, गाठ सुटेना. गाडीवानानं कमरेचा विळा काढून माझ्या हातात दिला.

"घ्या. गवताला बंदी हाय, काथ्याला नाय ना?"

मी काथ्या कापला. विळा पेटीच्या झाकणावर ठेवला. तो बैलांना पाणी दाखवायला गेला. मी नमुन्याचं पत्रक, ज्यावर सगळ्या रंगांचे तुकडे चिकटवलेले असतात, ते उघडून मांडत होतो, तेवढ्यात बाजाराच्या वरच्या अंगाला आरडाओरडा झाला. पोलीस आले होते. त्यांनी बसलेल्या बायांच्या टोपल्या लाथेनं उडवत पुरुषांच्या कमरा चाचपायला सुरुवात केली. कुणी तरी ओरडलं, लाठ्या चालू झाल्या. लोक पळाले ते गाड्यांच्या दिशेनं. बैल बुजले. गाडीवान आपल्या बैलांच्या शिंगांना धरून लोंबकळत होता, दोन्ही हात शिंगांवर, हातात दुसरं काही नाही. एक हवालदार मागून धावत आला, गाडीच्या जुवाला अडखळून पडला आणि त्याचं कपाळ चाकाच्या लोखंडी धावेवर फुटलं. मी पंधरा पावलांवर उभा होतो. मी हे पाहिलं. ऐकलं नाही, वाचलं नाही, पाहिलं.

पुढच्या क्षणाला चार लाठ्या गाडीवानावर होत्या. त्याला ओढत नेताना त्यानं चिंचेकडं पाहिलं. मला हाक मारली नाही. नुसतं पाहिलं. आणि मी काय केलं, तर झाकणावरचा विळा रंगांच्या पत्रकाखाली झाकला. माझ्याजवळ विळा सापडू नये म्हणून. तेवढीच अक्कल त्या वेळी चालली.

नाशिकला आल्यावर चार दिवसांनी सरकारी पत्रक आलं. एका इसमाने विळ्याने हवालदारावर हल्ला केला, कपाळावर जखम झाली. चळवळीचं पत्रक आलं. निःशस्त्र शेतकऱ्याला बैलांसमोर गुरासारखं मारलं. दोन्ही कागद मी टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. तिसरा रकाना कोरा होता. त्यावर छापलं होतं, निरीक्षकाने स्वतः पाहिलेले. त्या वर्षभरात पहिल्यांदाच त्या रकान्यात लिहिण्यासारखं माझ्यापाशी काही होतं.

मी लिहिलं, "सदर इसमाच्या हातात विळा होता. मात्र त्याने तो उगारला किंवा कसे, हे गर्दीमुळे खात्रीने सांगता येत नाही."

मधलं काढलं. एक म्हणतो मारला, दुसरा म्हणतो नव्हताच, म्हणून मी लिहिलं होता पण मारला की नाही ते माहीत नाही. हेडक्लार्कनं वाचून मान हलवली. "याला म्हणतात तोल," म्हणाला. महिन्याभरानं साहेबाची शाबासकीची चिठ्ठी आली, प्रत्यक्ष हजर राहून इतक्या संयमानं लिहिल्याबद्दल. ती मी बरीच वर्षं जपून ठेवली होती. आता फाडली.

पण त्या चिठ्ठीच्या आधी गाडीवानाची बायको आली. खटला नाशकात चालू होता. ती पाड्यावरून त्र्यंबकपर्यंत चालत आणि तिथून कुणाच्या तरी गाडीत बसून डेपो विचारत आली होती. दारातच उंबऱ्याबाहेर उभी राहिली. हेडक्लार्क आत होता, मी होतो.

"रंगवाले दादा, तुमी कोर्टात चला," ती म्हणाली. "त्यानं मला जेलात सांगितलं, इळा रंगवाल्याकडं हाय. पेटी सोडायला दिला व्हता. तेवढंच सांगा."

मी हेडक्लार्ककडं पाहिलं. तो पुढं झाला. "बाई, आमची कंपनी तटस्थ आहे."

"म्हंजे काय?"

"म्हणजे आम्ही कुणाच्याच बाजूचे नाही. सरकारच्या नाही, तुमच्याही नाही."

ती म्हणाली, "मी बाजू नाय मागत. इळा मागते. हाय का नाय तेवढं सांगा."

"दादा, तुमीच सांगा," ती पुन्हा माझ्याकडं वळून म्हणाली.

पेटीतून माझ्याबरोबर डेपोत आलेला विळा तिच्यापासून चार हातांवर होता. डब्यांच्या रांगेमागं, भिंतीला टेकून. मी म्हणालो, "मला आठवत नाही."

तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि पायऱ्या उतरून गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

गाडीवानाला सक्तमजुरी झाली. शिक्षा संपायच्या आत तो तुरुंगात तापानं गेला. विळा डेपोतच राहिला. नव्या पेट्या आल्या की हमाल त्यानं काथ्या कापायचे. धार चांगली होती. मूठ सैल झाल्यावर कुणी तरी तारेनं बांधली, पुढं पातंच तुटलं आणि तो गेला कुठं तरी. तोवर रोज सकाळी मी तो पाहत होतो आणि रोज टेबलावर बसून तिसरे रकाने भरत होतो. हरसूलचा बाजार मी स्वतः मागणी करून सोडून दिला. तिकडं पुड्या खपत नाहीत असं कारण दिलं.

हे सगळं मी प्राध्यापकांना सांगितलं. त्याच दिवशी नाही, दोन आठवड्यांनी, त्यांच्या घरी जाऊन. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग चष्मा पुसत म्हणाले, "तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल आदर आहे. पण पंचवीस वर्षांनंतरची आठवण आणि आठवड्याच्या आत लिहिलेला कागद, ह्यात इतिहासकारानं काय धरायचं?"

"पण तो कागद मीच लिहिलाय."

"हो, पण तेव्हा तुमचा काही हेतू नव्हता. आता आहे. तुम्हाला पश्चात्ताप होतोय. पश्चात्तापानंही आठवण बदलते."

"हेतू नव्हता? नोकरी होती, साहेब होता, माल खपायचा होता."

"मी तळटीप देईन," ते म्हणाले.

तळटीप. बारीक अक्षरात, पानाच्या तळाला, की पूर्वीच्या निरीक्षकाने अलीकडे वेगळी आठवण सांगितली आहे. म्हणजे पुन्हा मधलंच काढायचं. विळा होता, पण नव्हता असंही एक म्हातारा म्हणतो. मी रागानं उठलो आणि त्यांच्या बायकोनं आणलेलं सरबत तसंच ठेवून बाहेर पडलो. त्या बाईंचा काही दोष नव्हता.

मग मी त्या देशाच्या दप्तरखान्याला पत्र लिहिलं. अमुक खलित्यातली अमुक ओळ खोटी आहे, ती मी लिहिली, माझं हे पत्र त्या कागदाला जोडून ठेवा. चार महिन्यांनी सुरेख कागदावर उत्तर आलं. मूळ फायलीत काही घालता येत नाही, तिचा क्रम मोडत नाही. आपलं पत्र मिळाल्याच्या तारखेला, यंदाच्या पत्रव्यवहारात नोंदवलं आहे. म्हणजे उद्या जो कुणी त्या वर्षाची फाइल उघडील, त्याला माझा विळा सापडेल आणि माझं पत्र सापडणार नाही. लांबच्या देशातल्या त्या स्वच्छ खोलीत, पुठ्ठ्याच्या पेटीत, गाडीवानाच्या रिकाम्या हातात मी दिलेला विळा तसाच राहणार. ब्रिटिशांनी एकदा खोटं लिहिलं, ते त्यांचं काम होतं. त्यांचं खोटं कुणी तरी तपासतो. माझं कुणी तपासत नाही, कारण माझ्यावर तटस्थ असा शिक्का आहे.

अशा कागदांवरून जे आपला इतिहास लिहायला निघालेत, त्यांना एवढंच सांगायचंय. त्या तिसऱ्या रकान्यात कोण बसलं होतं ते आधी विचारा. कशाच्या पगारावर बसलं होतं ते विचारा. पाहिलं होतं की नुसतं मधलं काढलं होतं ते विचारा. कागद परदेशात ठेवलाय म्हणून तो खरा होत नाही.

शेवटी जिथं जायला हवं होतं तिथं गेलो. बसनं हरसूलला, बाजाराच्या दिवशी. चिंच होती. त्या बाईला मी ओळखलं नसतं, दाखवावी लागली. रांगेच्या शेवटी, इतर बायांपासून जरा तुटून, वालाच्या शेंगा घेऊन बसली होती. केस पांढरे. मी उकिडवा बसलो आणि म्हणालो, मी रंगवाला.

तिनं शेंगा निवडणं थांबवलं नाही. "म्हातारं झालात," म्हणाली.

मी सांगितलं की विळा माझ्याकडं होता, तुम्ही आलात तेव्हाही होता, मी खोटं बोललो. प्राध्यापकांना सांगितलंय, परदेशात लिहिलंय, आता इथल्या वर्तमानपत्रातही लिहीन.

"मला म्हाईत हाय इळा कुठं व्हता," ती म्हणाली. "मला कशाला सांगता? आन् कागदावर तर एकदा लिवलंच की तुमी." मग हातानं बाजाराकडं दाखवलं. "ह्यास्नी सांगा. उभं ऱ्हाऊन सांगा."

पलीकडं तिचा दीर होता, बैलांच्या गळ्यातल्या दोऱ्या विकत. ती त्याच्याकडं बोट दाखवून म्हणाली, "त्याला आदी."

मी उभा राहिलो. मी मोठ्यानं सांगितलं. काय सांगितलं ते वर सगळं आलंच आहे, पुन्हा लिहीत नाही. चार-दोन माणसं थांबली, दोन-चार हसली, कुणाला वाटलं मी औषध विकतोय. एकानं विचारलं, "कंचा इळा?" म्हाताऱ्यांना मात्र विचारावं लागलं नाही. ते जवळ आले. दीर दोऱ्या खांद्यावर टाकून उभा राहिला आणि शेवटपर्यंत ऐकत राहिला.

"मंग तवा काय झोपला व्हता?" तो म्हणाला.

"जागा होतो," मी म्हणालो.

त्यानं माझ्या पायांकडं थुंकावं तसं केलं, पण थुंकला नाही. मग तो वळला आणि वालाच्या शेंगांसमोर जाऊन बसला.

"वयनी, तू हेच सांगत व्हतीस व्हय?"

"कवापासून."

"आमी आयकलं नाय."

"नाय आयकलं."

मी तिथंच उभा होतो, अजून काही तरी बोलावं अशा विचारात. तिनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं.

"आता तुमी जावा," ती म्हणाली. "ह्ये आमचं आमी बोलू."